वजनकाट्याच्या स्क्रीनवर मागच्या गाडीचं वजन दिसतंय. सिरियल पोर्टचा डेटा शिळा होतो का?

काटेवाला_दिंडोरीरोड · रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दिंडोरी रोडला आमचा वजनकाटा आहे, चाळीस टनी. केबिनमध्ये जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स. इंडिकेटरची (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याची) वायर मागच्या नऊ पिनच्या सिरियल पोर्टला लावलीय, मदरबोर्डवरच्याच, यूएसबीचं कन्व्हर्टर नाही. पावतीचा प्रोग्रॅम मीच पायथनमध्ये लिहिलाय, पायसिरियल (सिरियल पोर्ट वाचायची लायब्ररी) वापरून. दोन वर्षं चाललाय, पण यंदा उन्हाळ कांद्याची गर्दी झाली आणि पितळ उघडं पडलं.

काल दुपारी बाहेर गाड्यांची रांग. एक ट्रॅक्टर उतरला, लगेच दुसरा चढला. मी एफ-टू दाबलं, पावती दिली. वणीकडचे एक बाबा होते. पावती बघितली, बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेकडे बघितलं, परत पावती बघितली. म्हणाले, "बाहेर लाल आकड्यात पाच हजार तीनशे दहा, अन् तुझ्या कागदावर चार हजार आठशे साठ. साडेचार क्विंटल कांदा काय रस्त्यात सांडला का रे पोरा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ४८६० हे आधीच्या ट्रॅक्टरचं वजन होतं. त्यांची गाडी परत चढवली, नवीन पावती दिली, चहा पाजला. पण रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं ते ऐकलंच.

प्रोग्रॅम असा आहे: दर १०० मिलिसेकंदाला टायमर वाजतो, मी एकदा रीडलाइन करतो (पोर्टवरून एक ओळ वाचतो), आलेला आकडा स्क्रीनवर दाखवतो. एफ-टू दाबलं की स्क्रीनवर असेल तो आकडा पावतीवर. पावती डॉट मॅट्रिक्सवर, तीन प्रती. ती पूर्ण निघेपर्यंत आठेक सेकंद विंडो गोठते.

इंडिकेटर ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने) सतत पाठवत असतो, सेकंदाला दहा वेळा. प्रत्येक ओळ बारा अक्षरांची: चिन्ह, सात अंक, केजी, शेवटी सीआर आणि एलएफ (ओळ संपल्याच्या खुणा).

सकाळी उघडल्यावर सगळं ठीक असतं. चार-पाच पावत्या झाल्या की स्क्रीन "झोपते", म्हणजे गाडी चढली तरी शून्यच. प्रोग्रॅम बंद करून चालू केला की परत ताजातवाना. माझे बाबा तर दर चहाला बंद-चालू करतात. त्यांच्या मते मशीन तापतं.

केबल बदलून झाली. बॉड रेट ४८०० आणि १९२०० करून झाला. साधी कॅट कमांड (आलेलं स्क्रीनवर दाखवणारी) पोर्टवर लावली तर आकडे बरोबर येतात, फक्त प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते. ती का येते तेही कोणी सांगितलं तर बरं.

---

पंचवटी_रिपेअर · रविवार, रात्री ११:०५

अर्थिंग बघ भाऊ. आणि लोड सेलचा (वजन मोजणाऱ्या सेन्सरचा) जंक्शन बॉक्स उघड, आत ओल असते. नव्वद टक्के काट्यांचं दुखणं तिथेच असतं.

---

काटेवाला_दिंडोरीरोड · रविवार, रात्री ११:१२

जंक्शन बॉक्स मार्चमध्येच उघडला होता दादा, कोरडा होता. आणि इंडिकेटरवर अन् बाहेरच्या डिस्प्लेवर आकडा बरोबरच असतो. फक्त कॉम्प्युटर मागे असतो.

---

अंबड_डीएनसी · सोमवार, सकाळी ६:५०

जुनीच केबल परत लाव, नवीचे पैसे गेले ते गेले. केबल खराब असती तर आकड्याचा कचरा झाला असता. अगदी नीटनेटका आकडा उशिरा आला नसता.

मी अंबडला सीएनसी मशीनना सिरियलवरून प्रोग्रॅम पाठवण्यात वीसेक वर्षं घालवली, त्यामुळे हा आजार ओळखीचा आहे. इंडिकेटर तुझ्यासाठी थांबत नाही. तू प्रिंटरपाशी अडकलास तरी तो ओळी ओततच असतो, आणि त्या हवेत विरत नाहीत. अक्षर पहिल्यांदा पोर्टच्या यूएआरटी चिपमध्ये पडतं. १६५५०ए जातीची असेल तर तिथे १६ अक्षरांचा फिफो (आधी आलेलं आधी बाहेर, असा छोटा साठा) असतो. (त्याच्या आधीच्या ८२५० आणि १६४५० मध्ये एकाच अक्षराची जागा होती. ९६०० ला एक अक्षर म्हणजे स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट, जेमतेम एक मिलिसेकंद. तेवढ्यात प्रोसेसरने ते उचललं नाही की पुढचं अक्षर त्याच्यावर येऊन बसायचं. ते दिवस आम्ही काढलेत.) फिफो काही प्रमाणात भरला की इंटरप्ट येतो, ड्रायव्हर अक्षरं उचलतो आणि ती लाइन डिसिप्लिन नावाच्या थरात जातात. तिथे प्रत्येक पोर्टमागे ४०९६ बाइटचा बफर असतो.

तुझी रीडलाइन काट्याला "आत्ता वजन किती" असं विचारतच नाही. ती त्या बफरमधली सगळ्यात जुनी ओळ उचलते. मार्केटला ट्रॉल्यांची रांग असते तेव्हा लिलाव सगळ्यात आधी येऊन उभ्या असलेल्या ट्रॉलीपासून सुरू होतो, आत्ता गेटमधून आत शिरली तिच्यापासून नाही. तसंच.

आता हिशोब. आठ सेकंद प्रिंट, सेकंदाला दहा ओळी, ओळीला बारा अक्षरं, म्हणजे ९६० बाइट साचले. प्रिंट संपल्यावर तू सेकंदाला दहा ओळी उचलतोस आणि तो दहाच टाकतो. मागे पडलेलं अंतर भरून कसं निघणार? पहिल्या पावतीनंतर आठ सेकंद मागे, दुसरीनंतर सोळा, चौथीनंतर बत्तीस. पाचवीला बफर भरला. ४०९६ ला १२० ने भाग, ३४ सेकंद. त्यापुढे मागे पडणार नाही, कारण भरलेल्या बफरवर येणारं टाकून दिलं जातं.

दोन गाड्यांमध्ये ३४ सेकंदांपेक्षा जास्त वेळ असेल तर तुम्ही स्क्रीन हलायची वाट बघता आणि वेळ निभावते. गर्दीत गाडीमागे गाडी चढली की स्क्रीनवर मागच्याचं वजन छान स्थिर दिसतं, आणि तू एफ-टू दाबतोस.

उपाय: एफ-टू दाबल्यावर आधी इनपुट बफर रिकामा कर. पायसिरियलमध्ये त्याची वेगळी कमांड आहे. मग नवीन ओळ वाच. खात्री करायची असेल तर इन_वेटिंग (बफरमध्ये थांबलेली अक्षरं) किती आहे ते छापून बघ, पाच पावत्यांनंतर चार हजारांच्या आसपास दिसेल.

बफर कुठे आहे हे न बघता मीही एकदा आठवडा घालवलाय, म्हणून हे इतकं लांबलं. तिथे उलटी गंमत होती. पीसी पाठवणारा, मशीन घेणारं. मशीनचा बफर भरत आला की ते एक्सऑफ पाठवून "थांब" म्हणायचं आणि त्यानंतर फार तर दहा अक्षरं सोसायचं. नवीन पीसी घेतला आणि रोज ८७ नंबरचा अलार्म, बफर ओव्हरफ्लो. विंडोज एक्सऑफ ऐकत होतं, पण तोपर्यंत सोळा अक्षरं चिपच्या पाठवायच्या फिफोत जाऊन बसलेली असायची, आणि चिप कोणाचं ऐकत नाही, ती सगळी सोडून मोकळी व्हायची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ट्रान्समिटचा फिफो अगदी खाली आणला, अलार्म बंद. वेगवान चिपला हळू केल्यावर काम झालं, हे मालकाला पटवताना मात्र नाकी नऊ आले.

---

काटेवाला_दिंडोरीरोड · सोमवार, रात्री ९:३०

काका, तुमचं निदान पक्कं, पण एक आकडा जुळत नाही. सगळं सांगतो.

संध्याकाळी काटा बंद झाल्यावर प्रोग्रॅम नव्याने चालू केला आणि पाठोपाठ दहा कोऱ्या पावत्या काढल्या. इन_वेटिंग पाचवीनंतर ४०९५ वर गेला आणि तिथेच चिकटला, सहावी, सातवी, दहावी, ४०९५ च. म्हटलं काकांचा हिशोब तंतोतंत, जास्तीत जास्त ३४ सेकंद. मग मी ॲक्टिव्हा घेऊन प्लॅटफॉर्मवर गेलो. केबिनमध्ये धाकटा भाऊ मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसला. बाहेरच्या डिस्प्लेवर लगेच १८० आलं, मी आणि गाडी मिळून. भाऊ खिडकीतून ओरडतोय, "शून्य... शून्यच... अजून शून्य." तीस गेले, चाळीस गेले. साठला तो म्हणाला, उतर आता, डास चावतायत. शेवटी १ मिनिट २३ सेकंदांनी स्क्रीनवर १८० आलं.

३४ सेकंद कुठे आणि ८३ कुठे? परत एकदा केलं, वीस पावत्या काढून. पावणेतीन मिनिटं लागली. म्हणजे दर पावतीला आठ सेकंद वाढतच जातंय, ४०९५ ला थांबत नाही.

दुसरी गोष्ट. आज सकाळी एफ-टूच्या आधी बफर रिकामा करायची ओळ घातली होती. पावत्या बरोबर यायला लागल्या, स्क्रीन मात्र मागेच राहायची, त्यामुळे बाबांचा पावतीवरचा विश्वासच उडाला. आणि दुपारी एका पावतीवर आलं ३१० किलो. गाडी होती ४३१० ची. नशीब, बाबांनी देण्याआधी बघितलं. म्हणाले, "तीनशे दहा किलोत ट्रॅक्टरचं एक चाक तरी बसतं का?"

---

अंबड_डीएनसी · सोमवार, रात्री ९:५५

८३ सेकंद? मग माझं "टाकून दिलं जातं" चुकलं. बाकीचं कुठे साचतंय ते मलाही बघायचंय. ३१० चं कारण मात्र उघड आहे, ओळीच्या मध्येच पुसलंस.

---

बाइटभर_साखर · मंगळवार, सकाळी ११:२०

कॉलेज रोडवर घरी बसून एम्बेडेड लिनक्सचं काम करते. ॲक्टिव्हाचा प्रयोग वाचून चहा सांडला. इतकं स्वच्छ मोजमाप आमच्या ऑफिसातसुद्धा कोणी करत नाही.

काकांचं चित्र बरोबर आहे, त्यात फक्त एक खोली कमी आहे. चिपचा फिफो आणि ४०९६ चा बफर यांच्यामध्ये टीटीवायचा (लिनक्समधल्या टर्मिनलच्या थराचा) आणखी एक साठा असतो, त्याला फ्लिप बफर म्हणतात. इंटरप्टच्या घाईत ड्रायव्हर अक्षरं तिथे टाकून मोकळा होतो आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) नंतर सवडीने ती लाइन डिसिप्लिनकडे सरकवतो. पुढच्या खोलीत जागा नसेल तर सरकवणं थांबतं, पण मागच्या खोलीत भरणं चालूच राहतं. या साठ्याची मर्यादा मोठी आहे, जुन्या कर्नलमध्ये ६४ केबी, अलीकडच्या कर्नलमध्ये ६४०. तुमच्या सेकंदाला १२० बाइटच्या हिशोबाने ६४ केबी भरायला नऊ मिनिटं लागतात. म्हणजे गर्दीच्या दिवशी तुमची स्क्रीन नऊ-दहा मिनिटं मागे जाऊ शकते आणि एकही अक्षर हरवत नाही. काही हरवलं असतं तर आकडे तुटके आले असते आणि तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

इन_वेटिंग ४०९५ वर चिकटला, कारण तो फक्त शेवटच्या खोलीतली अक्षरं मोजतो. एक जागा कर्नल राखून ठेवतो, म्हणून ४०९६ ला एक कमी. मागची खोली त्याला दिसतच नाही. ८० ऐवजी ८३ का, तर टायमर १०० मिलिसेकंदांवर लावला असला तरी वाचणं आणि स्क्रीन रंगवणं यात वर एक-दोन मिलिसेकंद जातात. म्हणजे तुम्ही सेकंदाला पूर्ण दहा ओळी उचलतच नाही. एकही पावती काढली नाही तरी तुम्ही हळूहळू मागे पडत राहणार. बाबांचं "तापतं" हे निरीक्षण म्हणून खरं आहे, कारण तेवढं वेगळं.

बंद-चालू केल्यावर बरं का वाटतं? पोर्ट बंद झाला की साठा जातो, आणि पायसिरियल पोर्ट उघडताना इनपुट स्वतःहूनही पुसतं. तुम्ही घातलेली ओळ दोन्ही खोल्या पुसते, त्यामुळे पावत्या बरोबर आल्या. पण पुसण्याचा क्षण ओळीच्या मध्यावर पडला तर "+०००४" गेलं आणि "३१०केजी" उरलं. तुमच्या कोडने त्यातून इमानदारीने ३१० काढलं. तेव्हा पुसल्यानंतरची पहिली ओळ नेहमी फेकायची. आणि ओळ पूर्ण बारा अक्षरांची आहे, चिन्हाने सुरू होते, केजीने संपते, हे तपासल्याशिवाय तिला वजन म्हणायचंच नाही.

खरं तर पुसापुशी करूच नका. वाचणं टायमरवरून काढून वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅममध्येच समांतर चालणाऱ्या कामात) टाका. तो थ्रेड अखंड रीडलाइन करत राहील आणि शेवटची चांगली ओळ तेवढी जवळ ठेवेल. स्क्रीन आणि पावती दोघांनी तिथूनच घ्यायचं. प्रिंटर आठ सेकंद अडवून धरेल तो विंडोला, वाचणाऱ्या थ्रेडला नाही. काट्याच्या कामात जुन्या ओळींना काही किंमत नसते. काकांच्या सीएनसीत उलट आहे, तिथे एक ओळ गाळली तर टूल मोडेल. कर्नलला यातलं काय चाललंय ते माहीत नसतं, म्हणून तो सगळं जपून ठेवतो आणि आलं त्या क्रमाने देतो.

आता कॅटमधली रिकामी ओळ. नवीन उघडलेल्या सिरियल पोर्टला लिनक्स टर्मिनलसारखंच वागवतं, जणू पलीकडे कीबोर्डवर माणूस बसलाय. टीटीवाय हे नावच टेलिटाइपवरून आलंय. माणूस एंटर दाबतो तेव्हा सीआर जातो, म्हणून आत येणाऱ्या सीआरचा एलएफ करायची सोय आधीपासून चालू असते. तुमचा इंडिकेटर सीआर आणि एलएफ दोन्ही पाठवतो, त्यामुळे दोन एलएफ होतात आणि मध्ये रिकामी ओळ दिसते. पायसिरियल हे सगळं बंद करतं, म्हणून प्रोग्रॅममध्ये दिसली नाही.

त्याच अवस्थेला कॅनॉनिकल मोड म्हणतात. त्यात एंटर येईपर्यंत ओळ कर्नलकडेच राहते, म्हणजे माणसाला बॅकस्पेसने खोडता येतं. अगदी सुरुवातीच्या युनिक्समध्ये एक अक्षर खोडायला हॅशचं चिन्ह होतं आणि पूर्ण ओळ रद्द करायला ॲटचं, कारण टेलिटाइपच्या कागदावर छापलेलं पुसायचं कसं? यंत्राशी बोलताना यातलं काहीच नको असतं. एखादं उपकरण बायनरी पाठवत असेल आणि त्यात कंट्रोल-डीचा किंवा बॅकस्पेसचा बाइट आला तर कर्नल तो डेटा म्हणून देत नाही, हुकूम समजून पाळतो.

आणि कॅट चालू असताना एको पण चालू असतो बरं का. म्हणजे इंडिकेटरने पाठवलेलं प्रत्येक अक्षर लिनक्स त्यालाच परत पाठवत होतं. तुमचा फक्त बोलणारा असेल तर हरकत नाही. कमांड ऐकणारा असेल तर पुढच्या वेळी कॅट लावण्याआधी एसटीटीवाय कमांडने पोर्ट रॉ (अक्षरं जशीच्या तशी देणारा) करा आणि एको बंद करा. नाहीतर एखाद्या दिवशी काटा स्वतःचंच ऐकून झिरो मारून बसेल.

---

पंचवटी_रिपेअर · मंगळवार, दुपारी १:१५

एको असेल हे लक्षातच आलं नव्हतं. माझ्या एका गिऱ्हाइकाचा काटा मधूनच टेअर घेतो (आहे ते वजन शून्य धरतो), आज जाऊन बघतो. अर्थिंग तरी एकदा बघून घे रे.

---

काटेवाला_दिंडोरीरोड · मंगळवार, रात्री १०:०५

ताई, केलं. वेगळा थ्रेड, शेवटचीच ओळ, बारा अक्षरांची तपासणी. वीस पावत्या काढल्या आणि ॲक्टिव्हा चढवली. भावाने स्टॉपवॉच चालू करायच्या आतच स्क्रीनवर १८०. तो म्हणतो, एवढ्यासाठी मला परत डासांत बसवलं.

एक माझी भर: आता एफ-टू तेव्हाच चालतं जेव्हा शेवटच्या दहा ओळी एकसारख्या असतात. आधी डोळ्यांनी स्थिर झालेलं बघायचो.

---

अंबड_डीएनसी · बुधवार, सकाळी ६:४०

छान. आता एक कर. प्रोग्रॅम चालू असताना, गाडी काट्यावर असताना, सिरियलची केबल उपटून बघ.

---

काटेवाला_दिंडोरीरोड · बुधवार, सकाळी ८:२०

उपटली काका. गाडी निघून गेली तरी स्क्रीनवर तिचं वजन तसंच, दहा ओळी एकसारख्या, एफ-टू पण चाललं. म्हणजे फिरून भोपळे चौकात! बफरमधला शिळेपणा काढला आणि माझ्याच व्हेरिएबलमध्ये आणून ठेवला.

---

बाइटभर_साखर · बुधवार, सकाळी ९:००

काकांना साष्टांग. ओळीबरोबर ती आल्याची वेळ पण ठेवा. एका सेकंदापेक्षा जुनी झाली की आकडा दाखवूच नका. आणि वेळ घड्याळाची घेऊ नका, पायथनमधला मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारा काळ) घ्या. इंटरनेटवरून घड्याळ मागेपुढे झालं तर परत घोळ.

---

काटेवाला_दिंडोरीरोड · बुधवार, रात्री ९:१५

झालं. एक सेकंद ओळ आली नाही की आकड्याच्या जागी पाच डॅश आणि एफ-टू बंद. बाबांसमोर केबल उपटून दाखवली. डॅशकडे बघून म्हणाले, "आता काय मोडलंस?"